तेहतिसातला एक

२०२२ च्या जूनमध्ये एक बातमी व्हॉट्सॲपवर इतकी फिरली की ती मला एकाच दिवसात चार ग्रूपांवरून आली. न्यूयॉर्कमध्ये कॅन्सरचे सगळेच्या सगळे रुग्ण एका औषधाने बरे झाले, वैद्यकाच्या इतिहासात पहिल्यांदाच, वगैरे वगैरे. खाली हात जोडलेली चित्रं. चौथ्यांदा आली ती सांगलीच्या मामीकडून आणि पाठोपाठ मामाचा फोन. मामाला त्याआधी तीनेक महिने मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला होता आणि निघाला तेव्हाच तो लिव्हरपर्यंत पोचला होता. "अरे, तू कंप्युटरवाला ना? जरा बघ की हे औषध आपल्याला चालतंय का."

कंप्युटरवाल्याला कॅन्सरबद्दल विचारणं म्हणजे सिव्हिलवाल्याला मिक्सर दुरुस्त करायला बसवणं. पण मामाला नाही कसं म्हणणार? फाइलचे फोटो मागवले. त्यात बायॉप्सीच्या रिपोर्टात एका कोपऱ्यात चार नावं होती: एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२. चारही नावांपुढे 'शाबूत' अशा अर्थाचा शब्द. मला बरं वाटलं. चारही शाबूत म्हणजे चांगलंच की!

ते चांगलं नव्हतं. हे कळायला मला दोन रात्री लागल्या, आणि का नव्हतं ते कळायला पुढचे कितीतरी शनिवार-रविवार गेले. त्या वाचनातून जी गोष्ट हाती लागली ती मला कुठल्याही रहस्यकथेपेक्षा भारी वाटली, म्हणून ती इथे मांडतो.

आधी त्या बातमीचं बघू. बातमी खोटी नव्हती. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात अँड्रिया सर्सेक आणि लुईस डियाझ यांच्या चमूने डोस्टारलिमॅब नावाचं औषध गुदाशयाचा कॅन्सर असलेल्यांना दिलं. पहिल्या १२ जणांचे उपचार पूर्ण झाले आणि बाराही जणांची गाठ दिसेनाशी झाली. ऑपरेशन नाही, रेडिएशन नाही, केमो नाही. २०२५ साली त्यांनी पुढचा आकडा छापला तेव्हा गुदाशयाचा कॅन्सर असलेले ४९ जण झाले होते आणि एकोणपन्नासही जणांची गाठ गेली होती. पण त्या बातमीत एक अट होती, आणि फॉरवर्ड होता होता ती गळून पडली. या सगळ्यांच्या गाठींमध्ये वरच्या चार नावांपैकी काहीतरी बिघडलेलं होतं. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये अशा गाठी शंभरात पाच ते दहा. आतड्याचा कॅन्सर दुसरीकडे पसरला असेल तर शंभरात चार-पाचच.

म्हणजे ज्याच्या पेशींमध्ये बिघाड जास्त, त्याला औषध लागू. ज्याचं सगळं शाबूत, त्याला नाही. उलटंच की! या उलटेपणाचा इतिहास शोधायला सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं, अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात, ॲन आर्बर गावी.

१८९५ साली तिथले पॅथॉलॉजिस्ट आल्ड्रेड वॉर्थिन यांच्याशी बोलताना एक शिवणकाम करणारी बाई म्हणाली की मी लवकरच मरणार, आणि मरणार ती आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने, कारण आमच्या घरात सगळे तसेच जातात. तिचं नाव पॉलीन ग्रॉस. दुसऱ्या कोणी हे हसण्यावारी नेलं असतं, किंवा 'असं बोलू नये' म्हणून विषय बदलला असता (आपल्याकडे तर नक्कीच!). वॉर्थिननी तिला नातेवाइकांची यादी करायला सांगितली. तिने ती चिकाटीने केली: कोण कशाने गेलं, कितव्या वर्षी गेलं. जर्मनीतून आलेल्या त्या घराण्याला वॉर्थिननी 'फॅमिली जी' असं नाव दिलं आणि १९१३ मध्ये ही वंशावळ छापली. पॉलीन तिने सांगितलं होतं तशीच गेली, गर्भाशयाच्या कॅन्सरने.

यानंतर बरीच वर्षं या विषयाला कोणी फारसं विचारलं नाही. कॅन्सर म्हणजे तंबाखू, विषाणू, कारखान्यातली रसायनं, असं मानण्याचे ते दिवस होते. घराण्यातून कॅन्सर येतो असं म्हणणाऱ्या डॉक्टरकडे लोक जरा विचित्र नजरेनेच बघायचे. नेब्रास्कातले हेन्री लिंच हे तसे डॉक्टर. गडी मोठा गमतीशीर: वय खोटं सांगून दुसऱ्या महायुद्धात नौदलात भरती झालेला, पुढे काही काळ बॉक्सिंग केलेला. लिंचनी १९६६ मध्ये अशी आणखी दोन घराणी जगासमोर मांडली. मिशिगनमधून फॅमिली जीची जुनी कागदपत्रंही त्यांच्याकडे आली आणि १९७१ मध्ये त्यांनी त्या घराण्याचा पुढचा हिशोब छापला. संशोधनासाठी पैसे मागणारे त्यांचे अर्ज मात्र परत येत राहिले. बॉक्सर होते म्हणून टिकले म्हणायचं. आज या आजाराला लिंच सिंड्रोम म्हणतात.

आता १९९३. हे वर्ष माझ्या दृष्टीने या गोष्टीतलं सगळ्यात भन्नाट वर्ष आहे, कारण इथे प्रकरण माझ्या ओळखीच्या प्रदेशात येतं: चुका दुरुस्त करण्याच्या.

पेशी दुभंगते तेव्हा डीएनएतल्या तीनशे कोटींच्या वर अक्षरांची नक्कल होते. नकलाकार हुशार असतो, पण एक प्रकारचा मजकूर त्याला जड जातो, तो म्हणजे एकच अक्षर किंवा अक्षरांची जोडी ओळीने पुन्हापुन्हा आलेली. माझी आजी वहीत रामनाम लिहायची. एका ओळीत नेमकं किती वेळा लिहिलं याची मोजणी तिची हमखास चुकायची, कधी एक जास्त, कधी एक कमी. तसंच होतं इथे. डीएनएतल्या अशा पुनरुक्तीच्या तुकड्यांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. नकलाकाराच्या मागून एक तपासनीस फिरत असतो, तो ही मोजणी पडताळून बघतो आणि चूक काढून टाकतो. आमच्याकडे कोड रिव्ह्यू असतो ना, तेच. पॉल मॉड्रिच यांनी हा तपासनीस कसा काम करतो ते बॅक्टेरियांमध्ये उलगडलं होतं आणि त्याबद्दल त्यांना पुढे २०१५ मध्ये नोबेलही मिळालं.

१९९३ मध्ये स्टीव्हन थिबोदो, मॅन्युएल पेरुचो आणि बर्ट व्होगेलस्टाइन व आल्बर्ट द ला शापेल, अशा तीन वेगवेगळ्या चमूंना आतड्याच्या काही गाठींमध्ये ही मोजणी ठिकठिकाणी चुकलेली आढळली. त्याच वर्षी यीस्टवर काम करणाऱ्यांनी दाखवलं की तपासनिसाचे जीन मोडले की अशीच मोजणी चुकते. दोन टोकं जुळली. वर्ष संपता संपता माणसातला एमएसएच२ सापडला, पुढच्या वर्षी एमएलएच१. लिंचच्या घराण्यांमध्ये हेच जीन मोडके येत होते. २००० साली फॅमिली जीचा दोषही नक्की झाला: एमएसएच२. पॉलीन ग्रॉसच्या यादीला उत्तर मिळायला १०५ वर्षं लागली. मामाच्या रिपोर्टातली चार नावं ती हीच. चार तपासनीस.

पण थिबोदो यांच्या १९९३ च्या लेखात आणखी एक गोष्ट होती, आणि ती सरळ सरळ अक्कल गुंग करणारी होती. मोजणी चुकलेल्या गाठी असलेले रुग्ण इतरांपेक्षा जास्त जगत होते! ज्या गाठीत चुकाच चुका, ती गाठ खरं तर जास्त बेफाम व्हायला हवी. तर ती जरा मवाळ. का?

याचं उत्तर काचेच्या पट्टीवर होतं. म्हणजे पॅथॉलॉजिस्टच्या मायक्रोस्कोपखाली, आणि कितीतरी आधीपासून. मेयो क्लिनिकच्या विल्यम मॅकार्टी यांनी १९२२ मध्येच लिहिलं होतं की ज्या गाठींमध्ये लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी शिरलेल्या दिसतात ते रुग्ण जास्त काळ जगतात. १९८६ मध्ये लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या जेरेमी जॅस यांनी गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये हेच दाखवलं. आणि मोजणी चुकलेल्या गाठी तर या पेशींनी अक्षरशः खच्चून भरलेल्या असायच्या. इतक्या, की २००४ साली लिंच सिंड्रोमची तपासणी कोणाची करायची याचे जे नियम ठरले, त्यात 'गाठीत लिंफोसाइट शिरलेले दिसणे' ही एक खूण म्हणून अधिकृतपणे लिहिलेली होती.

त्या पेशी तिथे का जमत होत्या? थोडं तांत्रिक सांगतो, पण मजा आहे. जीनची भाषा तीन-तीन अक्षरांनी वाचतात. समजा 'बदक बघत बसत' असा मजकूर आहे. त्यातला एक 'द' गळला आणि तरी तीन-तीननेच वाचलं तर काय होतं? 'बकब घतब सत'. एक अक्षर गेलं आणि पुढची अख्खी ओळ बकबक झाली. मोजणी चुकलेल्या गाठीत असे प्रकार शेकड्यांनी होतात आणि त्या बकबकीतून शरीराने जन्मात न पाहिलेली प्रथिनं बनतात. आपली प्रत्येक पेशी आतल्या प्रथिनांचे तुकडे बाहेरच्या भिंतीवर टांगून ठेवते, दुकानदार दर्शनी कपाटात माल लावतो तसे. गस्त घालणाऱ्या टी-पेशी ते बघत जातात. ओळखीचा माल असेल तर पुढे. परका दिसला की हल्ला.

२००६ मध्ये पॅरिसच्या जेरोम गॅलोन यांनी या बघण्याला मोजमाप दिलं. गाठीच्या मध्यभागी किती टी-पेशी, गाठीच्या सीमेवर किती, एवढं मोजलं तरी रुग्णाचं पुढे काय होणार याचा अंदाज नेहमीच्या स्टेजिंगपेक्षा चांगला येतो असं त्यांचं म्हणणं. गाठ कुठवर पसरली हे न बघता गाठीत कोण शिरलंय ते बघा, असं सांगणं तेव्हा धाडसाचंच होतं. २०१८ मध्ये १३ देशांतल्या अडीच हजारांहून जास्त रुग्णांवर ते पडताळलं गेलं. त्यात आपल्या अहमदाबादची कॅन्सर संस्थाही होती.

इथपर्यंत एका रुळावरची गाडी. दुसरी गाडी त्याच काळात वेगळ्याच रुळावरून येत होती.

टी-पेशींना वेसण असते. ती नसती तर त्यांनी आपल्यालाच खाल्लं असतं. अशी एक वेसण, पीडी-१, क्योटोमध्ये तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये सापडली. दुसरी सीटीएलए-४, ती सैल केली तर उंदरांतल्या गाठी वितळतात हे जेम्स ॲलिसन यांनी १९९६ मध्ये दाखवलं. दोघांना २०१८ चं नोबेल. हा भाग सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून पळत पळत पुढे जातो. मुद्दा इतकाच की गाठी ही वेसण ओढून धरतात आणि टी-पेशी शेजारी उभ्या राहूनही गप्प बसतात. वेसण सोडवणारं औषध दिलं तर?

पीडी-१ ची वेसण सोडवणारं औषध माणसांना द्यायला २००६ मध्ये सुरुवात झाली. २०१० मध्ये पहिला निकाल छापून आला: वेगवेगळ्या कॅन्सरचे ३९ रुग्ण, आणि ज्याची गाठ पूर्ण नाहीशी झाली असा एकच माणूस, आतड्याच्या कॅन्सरचा. २०१२ मध्ये मोठा निकाल आला, २९६ रुग्ण. त्वचेच्या, फुप्फुसाच्या, मूत्रपिंडाच्या कॅन्सरमध्ये औषध चाललं आणि जगभर टाळ्या पडल्या. त्यात आतड्याच्या कॅन्सरचे १९ जण होते. एकालाही फरक नाही. दोन्ही मिळून आतड्याचे ३३ रुग्ण, त्यातला एक बरा.

तेहतिसात एक. आमच्या धंद्यात असा निकाल आला तर दोन प्रकारची माणसं असतात. एक म्हणतो, आउटलायर आहे, काढून टाका, आलेख स्वच्छ दिसेल. दुसरा म्हणतो, थांबा, ही एकच केस का चालली? मी स्वतः बहुतेक वेळा पहिल्या प्रकारात मोडतो, खोटं कशाला बोलू :) जॉन्स हॉपकिन्समध्ये, जिथे त्या माणसावर उपचार झाले होते, तिथे दुसऱ्या प्रकारची माणसं होती. आणि योग असा की तपासनिसाचा शोध लावणारी व्होगेलस्टाइन यांची मंडळी त्याच संस्थेत. पीडी-१ वाल्यांची आणि डीएनएवाल्यांची कॅन्टीन तरी एकच असणार. शंका आली: या एकाच्या गाठीत मोजणी चुकलेली तर नाही? तपासलं. चुकलेली होती.

मग डंग ले आणि लुईस डियाझ (हो, पुढे न्यूयॉर्कच्या त्या बातमीतले तेच) यांनी एक छोटी चाचणी आखली. एका रुग्णावरून सुचलेली कल्पना. तिच्यासाठी लागलेल्या पैशातला काही भाग स्विम अक्रॉस अमेरिका या संस्थेकडून आला, जी लोकांना पोहायला लावून देणग्या जमवते. २०१५ मध्ये निकाल आला. मोजणी चुकलेल्या आतड्याच्या गाठी असलेल्या दहा जणांपैकी चौघांची गाठ आक्रसली. मोजणी शाबूत असलेल्या अठरा जणांपैकी, शून्य. पहिल्या प्रकारच्या गाठीत सरासरी १७८२ चुका, दुसऱ्या प्रकारच्या गाठीत ७३. इतका स्वच्छ फरक वैद्यकात क्वचित बघायला मिळतो.

त्याच वर्षी हॉपकिन्सच्याच निकोलस योसा आणि सहकाऱ्यांनी उरलेला दुवा जोडला. मोजणी चुकलेल्या गाठींमध्ये टी-पेशी दाटीने आहेत हे जुनंच होतं. पण त्याच गाठींमध्ये पीडी-१, सीटीएलए-४ आणि अशा आणखी वेसणींचीही रेलचेल आहे हे त्यांनी दाखवलं. साहजिकच आहे ना? जिथे फौज दारात येऊन धडकली आहे तिथेच ती थोपवायची गरज पडणार. जिथे कोणी आलेलंच नाही तिथे कशाला वेसण? म्हणून वेसण सोडवणारं औषध पहिल्या ठिकाणी चमत्कार करतं आणि दुसऱ्या ठिकाणी सलाइनच्या पाण्यासारखं जातं.

मला यातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट सांगू? २००४ च्या नियमांत खूण लिहिलेली होती. २००६ मध्ये गॅलोन यांनी मोजून दाखवलं होतं. आणि २००६ ते २०१२ या काळात आतड्याच्या रुग्णांना औषध देताना गाठीचा हा प्रकार पाहून कोणी निवडलं नाही. कोणाची चूक म्हणून नाही म्हणत. एक गट आनुवंशिकतेचा, एक पॅथॉलॉजीचा, एक इम्युनॉलॉजीचा, तिघांची मासिकं वेगळी, परिषदा वेगळ्या. तो एक माणूस योगायोगाने पहिल्याच तुकडीत नसता तर आतड्याच्या कॅन्सरवर इम्युनोथेरपी चालत नाही, असा शिक्का बसून फाइल बंद झाली असती.

पुढचं झपाट्याने झालं. मे २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने हे औषध, पेंब्रोलिझुमॅब, मोजणी चुकलेल्या कुठल्याही गाठीसाठी मान्य केलं. अवयव कुठला ते विचारायचं नाही, बिघाड कुठला ते विचारायचं, असं पहिल्यांदाच. २०२० मध्ये ३०७ रुग्णांच्या चाचणीत त्याने पहिल्या फेरीतच केमोला मागे टाकलं: आजार पुढे न सरकता गेलेला काळ केमोत ८.२ महिने, यात १६.५. पण त्याच चाचणीत हेही दिसलं की अशा निवडून घेतलेल्या रुग्णांमध्येही दहातल्या जवळजवळ तिघांचा आजार औषधाला न जुमानता वाढतच गेला. म्हणजे मोजणी चुकली की झालं, इतकं सोपं नाही.

ॲम्स्टरडॅममध्ये मिरियम शलाबी यांनी वेगळाच प्रयोग केला. गाठ पसरण्याआधी, ऑपरेशनच्या आधीचे चार-सहा आठवडे, दोन्ही वेसणी सोडवायच्या आणि मग कापून काढलेल्या आतड्यात काय उरलंय ते बघायचं. २०२४ मध्ये छापलेल्या निकालात १११ पैकी १०९ जणांमध्ये परिणाम दिसला आणि दोन तृतीयांश लोकांच्या आतड्यात कॅन्सरची एकही जिवंत पेशी उरली नव्हती.

या ॲम्स्टरडॅमच्या गाठींनी एक कोडंही घातलं. मघाशी दर्शनी कपाट म्हटलं, ते बसवायला बी२एम नावाचं एक प्रथिन लागतं. मोजणी चुकलेल्या बऱ्याच गाठी ते मोडून टाकतात. कपाटच नाही तर गस्तवाल्याला माल दिसणार कसा? अशा गाठींवर औषध फुकट जायला हवं. पण जात नव्हतं! २०२३ मध्ये लायडनच्या नोएल द मिरांडा आणि ॲम्स्टरडॅमच्या एमिल वोस्ट यांच्या चमूंनी उत्तर दिलं: तिथे लढत होत्या त्या नेहमीच्या टी-पेशी नव्हत्याच. त्या होत्या गॅमा-डेल्टा टी-पेशी, ज्यांना कपाटाची गरजच पडत नाही. या पेशींचा शोधही अपघातानेच लागलेला. १९८४ मध्ये तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत टी-पेशींच्या अल्फा नावाच्या जीनचा शोध चालू होता आणि हाती लागला गॅमा. चाळीस वर्षं या पेशी पाठ्यपुस्तकात कोपऱ्यातल्या चौकटीत पडून होत्या.

पेशींच्या या गर्दीत कोण आपला आणि कोण परका हेही वरवर बघून कळत नाही. टी-पेशींमध्येच एक प्रकार इतरांना आवरून धरणाऱ्यांचा. तो सापडल्याबद्दल शिमोन साकागुची यांना २०२५ च्या नोबेलचा वाटा मिळाला. बहुतेक कॅन्सरमध्ये गाठीत हे आवरणारे जास्त असणं वाईट. आतड्यात मात्र काही अभ्यासांत उलटंच दिसायचं, जास्त तर बरं. २०१६ मध्ये साकागुचींच्याच चमूने दाखवलं की आतड्यात एकच खूण मिरवणाऱ्या दोन वेगळ्या जाती आहेत. एक खरंच आवरणारी, दुसरी नुसती तशी दिसणारी आणि प्रत्यक्षात चेतवणारी. एका नावाचे दोन व्हेरिएबल! डिबगिंग करणाऱ्याला याचं दुःख सांगायला नको.

मग राहिले ते बाकीचे. शंभरातले पंच्याण्णव. मामासारखे.

त्यांच्या गाठी नुसत्या कमी चुकांच्या असतात असं नाही, त्या टी-पेशींना आत येऊच देत नाहीत. बार्सिलोनातल्या एदुआर्द बाट्ये यांच्या चमूने २०१८ मध्ये उंदरांत दाखवलं की गाठीभोवतालच्या पेशी टीजीएफ-बीटा नावाचा रेणू सोडून एक कुंपणच उभं करतात. म्हणून अशा गाठीत वेसणीचं औषध आणि दुसरं काहीतरी, अशी जोडगोळी करून बघायचे प्रयत्न चालू झाले. २०२० मध्ये जपानमध्ये निवोलुमॅब आणि रेगोराफेनिब या जोडीने शाबूत मोजणीवाल्यांतही तिघातल्या एकाची गाठ आक्रसली आणि सगळे हरखले. अमेरिकेत तीच जोडी ७० जणांना दिली, तर फरक पडला फक्त पाचांना. हे आकडे मी तीनदा वाचले, कारण त्यात एक ओळ होती. ते पाचही जण, लिव्हरमध्ये गाठ नसलेल्या २३ जणांमधले होते. लिव्हरमध्ये गाठ असलेल्या ४७ जणांपैकी, एकही नाही.

लिव्हरने काय बिघडवलं? याचं उत्तर २०२१ मध्ये वेइपिंग झू यांच्या चमूने छापलं होतं. लिव्हरमध्ये गाठ असली की तिथल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी रक्तातल्या टी-पेशींना ओढून घेतात आणि तिथेच मारून टाकतात. गाठ एका जागी, पण अख्ख्या शरीरातली फौज रिकामी होते. उंदरांत लिव्हरवर रेडिएशन दिल्यावर ही गळती थांबली आणि वेसणीचं औषध चालायला लागलं. झू यांची प्रयोगशाळा मिशिगन विद्यापीठात आहे, ॲन आर्बरला. पॉलीन ग्रॉस जिथे वॉर्थिनना भेटली त्याच गावात.

मी त्या जूनमध्ये मामाला फोन केला तेव्हा यातलं फारच थोडं मला कळलं होतं. मी म्हटलं, मामा, हे औषध गाठीत गडबड जास्त असेल तरच चालतं, आणि तुझी गाठ तशी नाही. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे आपली गाठ शिस्तीची आहे म्हण की. माझ्यावरच गेली." त्याच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं आणि केमो चालू ठेवला. मामा २०२३ च्या दिवाळीनंतर गेला.

तेराव्याला मामेबहिणीने मला बाजूला घेतलं. तिने ती फाइल जपून ठेवली होती आणि कुठेतरी वाचलं होतं की हा आजार घराण्यातून येतो. "दादा, मग माझं काय?" मी तिला तो कोपरा पुन्हा दाखवला. चारही तपासनीस शाबूत, म्हणजे पॉलीन ग्रॉसच्या घरात होतं तसलं काही मामाच्या गाठीत दिसत नव्हतं, तिच्याकडे ते येण्याची शक्यता फार थोडी. तरी बापाला झाला होता म्हणून तिने चाळिशीत कोलोनोस्कोपी करून घ्यावी असं डॉक्टरांनी सांगितलंय. तिने फोनच्या कॅलेंडरमध्ये तारीख टाकून ठेवली आहे, अजून अकरा वर्षांनंतरची.